'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : डिलन, त्याचे बंद दार आणि माझा उशीर

स्पष्टवक्ता यांस,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण राग आलेला असताना लिहायला बसू नये हा माझा जुना नियम आहे. तो या वेळी पूर्णपणे पाळला गेला असे मात्र म्हणवत नाही. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. आपल्या मते मी डिलनच्या गाण्यांवर कमी आणि त्याच्या अबोलपणावर जास्त लिहिले. १९६६ च्या 'जुडास' प्रसंगाचे ठिकाण चुकवले. आईवडिलांविषयी खोटे सांगणाऱ्या, दुसऱ्यांच्या चाली उचलणाऱ्या आणि पुढे जाहिरातींत झळकणाऱ्या माणसाला संत करून ठेवले. आणि आपल्याकडचे लोककलावंत हलाखीत असताना मला अमेरिकेतल्या कोट्यधीशाचे कौतुक सुचले. या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे, ते जसेच्या तसे देतो : "खासगीपणा हाच डिलनचा सगळ्यांत यशस्वी प्रचार आहे, आणि काका, तुम्ही उशिरा येऊन त्या प्रचाराला भुललात."

आधी माझी चूक मान्य करतो. भर कार्यक्रमात प्रेक्षकांतून कोणीतरी डिलनला 'जुडास' (येशूला दगा देणारा शिष्य) म्हणून ओरडले ती सभा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली नव्हती, ती १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाली. त्या रात्रीचे चोरटे ध्वनिमुद्रण कित्येक वर्षे 'रॉयल अल्बर्ट हॉल' याच नावाने फिरत होते आणि १९९८ साली ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले तेव्हाही मुखपृष्ठावर तेच नाव अवतरणचिन्हांत ठेवलेले होते, त्यामुळे माझी गफलत झाली. पण चूक ती चूक. आपण ती दाखवली याबद्दल आभारी आहे.

आता सुराविषयी. शेजारपाजारची मुले मला काका म्हणतात आणि ते ऐकून मला बरे वाटते. परंतु आपल्या वाक्यात हे संबोधन आदराने आलेले नाही. 'काका' म्हणायचे आणि लगेच पुढे 'भुललात' म्हणायचे, म्हणजे आधी पाट मांडून मग ताट ओढून घेण्यासारखे आहे. मतभेद कळवायला 'आपले मत मला पटले नाही' एवढे पाच शब्द पुरतात. त्याऐवजी आपण तीन ठिकाणी 'हो ना?' असे विचारले आहे, जणू मी वर्गात उभा आहे आणि उत्तर न आल्यामुळे आपण मला सावरून घेत आहात. वीस-बावीस वर्षे मी मराठीत जमेल तसे लिहीत आलो आहे. टीका मला नवीन नाही. मात्र ज्याच्याशी वाद घालायचा त्याला आधी अजाण ठरवून टाकण्याची ही रीत मला मान्य नाही.

आणि 'भुललात' हा शब्द मुळातच चुकीचा आहे. भुलायला आधी ओढ वाटावी लागते. मला डिलनच्या अबोलपणाची ओढ नव्हती, चीड होती. आणि त्याआधी त्याच्या आवाजाचीही होती.

१९८४ साली मी पुण्यात वसतिगृहात राहत होतो. माझ्या खोलीतल्या मित्राच्या मामांनी मुंबईहून एक कॅसेट भरून पाठवली होती, तिच्यावर त्यांच्या अक्षरात निळ्या शाईने फक्त 'डिलन' एवढेच लिहिलेले होते. ती लावल्यावर जो आवाज आला तो ऐकून टेपचे हेड मळले असेल असे मला खरोखर वाटले. मी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसले, रबरी चाकही पुसले, कॅसेट दोनदा पुढे-मागे फिरवली आणि पुन्हा लावली. आवाज तोच होता. नाकातला, घासलेला, शब्दाच्या शेवटी वर चढून तिथेच सोडून दिलेला. रेडिओवरच्या सकाळच्या भक्तिसंगीतावर आणि गणेशोत्सवातल्या रात्रभरच्या मैफलींवर ज्याचे कान तयार झाले होते अशा मुलाला ते गाणेच वाटले नाही. मित्र म्हणाला, शब्द ऐक. माझे इंग्रजी तेव्हा शब्द ऐकण्याइतके नव्हते.

पुढची बत्तीस वर्षे मी डिलन ऐकला नाही. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याला साहित्याचे नोबेल जाहीर झाले आणि नंतर दोन आठवडे त्याने त्याविषयी अवाक्षर काढले नाही. स्वीडिश अकादमीच्या एका सदस्याने या वागण्याला उघडपणे असभ्य आणि उद्धट म्हटले. मीही म्हटले. एका मराठी दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात माझे पत्र छापून आले होते, त्याचे कात्रण अजून फाईलमध्ये आहे. त्यात 'उर्मट' हा शब्द दोनदा आहे, आणि ज्या समाजाने तुम्हाला मोठे केले त्याच्यासाठी दार उघडण्याएवढे सौजन्य तुम्ही दाखवले पाहिजे, असे एक वाक्य आहे. म्हणजे आपण आज जे लिहिता आहात ते मी तेव्हाच लिहून बसलो होतो. गूढ माणूस दिसला की हरखून जाणारा मी नाही. तसा असतो तर एकोणिसाव्या वर्षीच हरखलो असतो. कॅसेट उशाशी होती.

मला वळवले ते गाण्याने. १० डिसेंबर २०१६ च्या समारंभाला डिलन गेला नाही. त्याच्या वतीने पॅटी स्मिथ यांनी त्याचे एक जुने गाणे म्हटले. मध्येच त्या शब्द विसरल्या, थांबल्या, क्षमा मागितली, म्हणाल्या की मी फार घाबरले आहे, आणि पुन्हा सुरुवात केली. ते दृश्य मी संगणकावर पाहिले. इतकी वर्षे रंगमंचावर काढलेल्या गायिकेची जीभ ज्या शब्दांवर अडखळते ते शब्द आहेत तरी काय, म्हणून मी ते छापील स्वरूपात मिळवून वाचले. आई मुलाला विचारते, कुठे गेला होतास, काय पाहिलेस, काय ऐकलेस, आणि मुलगा सांगत जातो. ही प्रश्नोत्तरांची बांधणी 'लॉर्ड रँडल' या जुन्या इंग्रजी-स्कॉटिश लोकगीताची आहे आणि डिलनने ती एकविसाव्या वर्षी आपल्या काळाच्या भीतीला लावली. तिथून मी सावकाश ऐकू लागलो. शब्दकोश शेजारी ठेवून ऐकत होतो, यात मला कमीपणा वाटत नाही.

त्यानंतरचा प्रसंग मी मूळ लेखात दोन ओळींत उरकला होता. तिथे मी अधिक लिहायला हवे होते, म्हणून आता लिहितो. २०१८ च्या जुलैत मी कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने पुण्याला येत होतो. खिडकीच्या रबरातून पाणी झिरपत होते आणि डावी बाही भिजली होती. भाच्याने फोनमध्ये भरून दिलेल्या गाण्यांतून 'ब्लाइंड विली मॅक्टेल' लागले. एक पियानो, तो डिलन स्वतः वाजवतो. एक गिटार, ती मार्क नॉफ्लर यांची. बाकी काही नाही. गुलामांच्या जहाजांचे, पेटलेल्या मळ्यांचे, चाबकाच्या आवाजाचे एकेक चित्र येते आणि प्रत्येक कडवे फिरून एकाच कबुलीवर येऊन थांबते, की त्या आंधळ्या गायकासारखे ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे दुःखाचे गाणे, गाणारे कोणी नाही. हा मॅक्टेल जॉर्जिया राज्यातला, बारा तारांची गिटार वाजवत गाणारा, १९५९ साली वारला. आपण ज्याला 'स्वतःची मूर्ती स्वतःच घडवणारा' म्हणता, त्याने एक अख्खे गाणे दुसऱ्याच्या गळ्यापुढे हात जोडण्यात घालवले आहे, आणि शेवटच्या कडव्यात तो हॉटेलच्या खिडकीतून बाहेर पाहत नुसता बसून राहतो. ज्या आवाजासाठी मी एके काळी टेपचे हेड पुसले होते तोच आवाज तिथे होता. त्या गाण्याला दुसरा आवाज चालला नसता. साताऱ्यापर्यंत मी ते किती वेळा ऐकले ते मोजले नाही.

आणि हे गाणे त्याने १९८३ मध्ये ध्वनिमुद्रित करूनही त्या वर्षीच्या अल्बममध्ये घेतले नाही. ते १९९१ पर्यंत अधिकृतपणे बाहेर आले नाही. आता आपणच सांगा, स्वतःचा प्रचार करणारा माणूस आपले असले गाणे आठ वर्षे कपाटात ठेवतो का?

आता त्या 'प्रचारा'कडे वळतो. २९ जुलै १९६६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावाजवळ डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला. त्यानंतर जानेवारी १९७४ पर्यंत तो गाण्यांच्या दौऱ्यावर निघाला नाही. साडेसात वर्षे. लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर असताना. या काळात त्याच्या वुडस्टॉकच्या घराचे काय झाले ते त्याने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिले आहे : देशभरातून माणसे वाट विचारत येत, रात्री-अपरात्री आवारात शिरत, छपरावर चढत. घरात लहान मुले होती. त्याला हवे होते ते सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी पाचला परतणाऱ्या माणसाचे आयुष्य, घराभोवती कुंपण, मागच्या अंगणात गुलाब, असे त्याने लिहिले आहे. पुढे तो न्यूयॉर्कला मॅकडूगल स्ट्रीटवर राहायला आला, तर तिथे एक गृहस्थ त्याच्या दारातला कचरा उपसून त्यातून त्याच्या गाण्यांचे अर्थ लावू लागले. हे ऐकीव नाही, कचरा उपसणाऱ्याने स्वतःच ते मोठ्या अभिमानाने जाहीर केले होते. ज्या माणसाच्या कचऱ्याच्या डब्यालाही झाकण ठेवू दिले गेले नाही, त्याने दाराला कडी लावली, तर आपण त्या कडीला जाहिरात म्हणता.

त्याच आत्मकथनात, लोकांनी आपला नाद सोडावा म्हणून आपण मुद्दाम विचित्र वागलो, मुद्दाम भलत्याच प्रकारचे अल्बम काढले, अशी कबुलीही आहे. आपण ती माझ्याविरुद्ध वापराल याची मला कल्पना आहे. माझे म्हणणे असे की पाठलाग होत असलेला माणूस पाऊलखुणा पुसतो, कधी उलट्या दिशेला उमटवतो. त्यामागे गिऱ्हाईक जमवण्याचा हेतू नसतो. तसा असता तर ते अल्बम खपण्यासाठी काढलेले दिसले असते.

आणि त्या लपण्याच्या काळात तो कोणाशेजारी उभा राहिला तेही पाहावे. १९६७ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग' या अल्बमच्या मुखपृष्ठावर वुडस्टॉकच्या रानात काढलेले एक करडे छायाचित्र आहे. त्यात डिलनच्या दोन्ही बाजूंना बंगालमधले दोन बाउल गायक आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. दारोदार गात फिरणाऱ्या परंपरेतली दोन माणसे आणि दार लावून बसलेला एक, असे ते चित्र आहे. मी ते छायाचित्र भिंगाखाली पाहिले आहे. डिलन किंचित हसतो आहे. पुढे १ ऑगस्ट १९७१ रोजी जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम केला, तेव्हा हा दार लावून बसलेला माणूस आला, गाणी म्हणाला आणि परत गेला. कडी आतून होती, म्हणजे ती त्याला काढताही येत होती.

माझ्या आत्याविषयी मी आजवर कुठेही लिहिलेले नाही. आपल्या वाक्यामुळे लिहावे लागते आहे. भोर तालुक्यात तिचे घर होते. १९९१ च्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो असताना जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या दोन मुली टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. दळण तोवर गिरणीतून येत असे, पण जाते पडवीच्या कोपऱ्यात होते. आत्याने पाळू पुसली, खुंटा ठोकून घट्ट केला, मूठमूठ नाचणी वैरत ती गाऊ लागली. सासुरवासाच्या ओव्या लागल्या तसा तिचा आवाज खाली गेला. त्यांतली एक मुलगी, अगदी चांगल्या मनाने, म्हणाली, "आजी, ही सासू तुमचीच का?" आत्याने जाते थांबवले नाही. एक फेरा पुरा केला, मग हात काढला, कुंचा घेतला आणि जात्याभोवतीचे पीठ गोळा करू लागली. म्हणाली, "ओवी न्या की बाई. घर कशापायी इचारता?" मग पुन्हा खुंट्याला हात घातला आणि दिवे लागेपर्यंत गात राहिली. त्या मुलींनी दोन कॅसेटी भरून नेल्या. आत्याने एकही ओवी मागे ठेवली नसेल. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही. ते उत्तर मला माहीत आहे. मी इथे देणार नाही.

आत्या कोणता प्रचार करत होती?

आपण म्हणाल, कुठे एक खेड्यातली बाई आणि कुठे जगभर पैसे घेऊन गाणारा माणूस. फरक आहे, तो मला दिसतो. परंतु गाणे आणि घर यांच्यात जी एक रेघ असते ती दोघांनी एकाच जागी ओढली आहे, आणि ती ओढण्याचा हक्क गाणे विकले म्हणून जात नाही. १ एप्रिल २०१७ रोजी डिलनने स्टॉकहोममध्ये नोबेलचे पदक बंद दाराआड, कॅमेऱ्यांवाचून स्वीकारले. त्याच मुक्कामात त्याचे गाण्याचे कार्यक्रम मात्र खुले होते, ज्याला तिकीट मिळाले तो जाऊन ऐकू शकत होता. ही बातमी वाचली तेव्हा मला माझ्या २०१६ च्या पत्राची लाज वाटली.

'उशिरा येऊन' याबद्दलही बोलले पाहिजे. आपण महाविद्यालयात असल्यापासून डिलन ऐकता आणि आपल्याकडे त्याचे जवळजवळ सगळे अल्बम आहेत, असे आपण लिहिले आहे. आनंद आहे. पण ऐकण्यात सेवाज्येष्ठता नसते. मी एक्कावन्नाव्या वर्षी आलो, कारण त्याआधी माझे कान त्यासाठी तयार नव्हते. ते कशाने तयार झाले, हे मी अनोळखी माणसाला सांगायला बांधील नाही. घरात काही आजारपणे झाली, काही माणसे गेली, एवढे पुरे. आधी आलेल्याने नंतर आलेल्याला दारात अडवून 'तुला कळले नाही' म्हणावे, हा प्रकार मी संगीताच्या क्षेत्रात पुष्कळ पाहिला आहे आणि त्याने कुठल्याही गायकाचे भले झालेले पाहिले नाही.

एक गोष्ट लिहू की नको असे चालले होते, पण लिहितो. दुसऱ्याच्या खासगीपणाला ढोंग म्हणणारी प्रतिक्रिया आपण टोपणनावाने लिहिली आहे. छायाचित्राच्या जागी राखाडी गोल आहे, गावाचे नाव नाही. तो आपला अधिकार आहे आणि मी तो मानतो. तेवढाच दुसऱ्यालाही द्यावा.

आपल्या उरलेल्या आक्षेपांवर फार लिहीत नाही. १९६३ साली 'न्यूजवीक'ने त्याचे मूळ नाव झिमरमन, गाव मिनेसोटातले हिबिंग आणि आईवडील हयात असल्याचे छापले, त्याआधी तो स्वतःविषयी वाटेल त्या गोष्टी सांगत असे, हे खरे आहे. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. जाहिरातींबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला त्या आवडल्या नाहीत आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. चाली उचलण्याचा आक्षेप मात्र लोकसंगीत म्हणजे काय याचा विचार न करता घेतलेला आहे. 'ब्लोइन इन द विंड'ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या एका गीतावरून घेतली, हे डिलनने स्वतः सांगितले आहे. आपल्या जुन्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहा : पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून कोणत्या गाण्याची चाल घेतली ते छापलेले असते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. राहिला आपल्याकडच्या लोककलावंतांचा मुद्दा. तो गंभीर आहे, पण एका कलावंतावर प्रेम केले की दुसऱ्याच्या ताटातले कमी होते असे मी मानत नाही, आणि त्यांच्यासाठी मी काय करतो किंवा करत नाही याचा हिशेब इथे मांडणार नाही.

मँचेस्टरची दुरुस्ती मूळ लेखात आज सकाळी केली आहे. खाली 'एका वाचकाने निदर्शनास आणून दिल्यावरून' असे लिहिले आहे. तिथे टोपणनाव घालावे की नाही ते आपण कळवावे. आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत 'ब्लाइंड विली मॅक्टेल'चा कुठेही उल्लेख नाही. आपण ते ऐकले असेल तर आपल्याला काय वाटले, तेही कळवावे.